शब्दकोडे : रचना व शोधसूत्रे

शब्दकोडे म्हणजे काळ्या-पांढऱ्या घरांच्या जाळीत आडवे व उभे शब्द गुंफून, प्रत्येक शब्दासाठी दिलेल्या शोधसूत्रावरून तो ओळखायला लावणारा लेखी खेळ. आडवा व उभा शब्द जेथे एकमेकांना छेदतात तेथील अक्षर दोघांचे सामाईक असते. त्यामुळे कोणतेही उत्तर सोडवणाऱ्याला दोन वाटांनी पडताळता येते : एकदा सूत्रावरून, एकदा छेदणाऱ्या शब्दांवरून. कोडेकारांनी पाळलेले बहुतेक नियम या दुहेरी पडताळ्याला धक्का लागू नये म्हणूनच रूढ झाले आहेत. कोडे सोडवण्याची रीत सर्वपरिचित असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः रचनेचा विचार केला आहे.

अक्षरे चौकटीत मांडून ती अनेक दिशांनी वाचण्याचा छंद प्राचीन आहे. इटलीतील प्राचीन पाँपेई शहरात आढळलेला पाच शब्दांचा लॅटिन ‘सातोर’ चौरस इ. स. ७९ च्या ज्वालामुखी उद्रेकापूर्वीचा असला पाहिजे. संस्कृत चित्रकाव्यातील, म्हणजे अक्षरे आकृतीत बांधणाऱ्या काव्यातील, सर्वतोभद्र बंध त्याहून गुंतागुंतीचा आहे. भारवीच्या किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गात असा एक श्लोक असून त्याचे चार चरण आठ-आठ घरांच्या ओळींत लिहून खाली तेच उलट क्रमाने मांडले, तर तो सुलट, उलट, वरून खाली किंवा खालून वर कसाही वाचला तरी तोच राहतो. भारवीचा उल्लेख इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात येतो, म्हणून त्याचा काळ त्यापूर्वीचा, बहुधा सहाव्या शतकातील मानतात. अशा बंधांना शब्दकोड्याचे पूर्वज म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यांत रिकामे घर नाही, सूत्र नाही आणि वाचकाने ओळखावे असेही काही नाही. नाते आहे ते आकृतीपुरते. सूत्राच्या बाजूने पाहता प्रहेलिका, म्हणजे श्लोकबद्ध कूटप्रश्न, अधिक जवळची ठरते. दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात तिचे सोळा प्रकार सांगितले आहेत. उत्तर श्लोकातच दडवलेली अंतर्लापिका आणि उत्तर बाहेरून आणावे लागणारी बहिर्लापिका हा भेदही आजच्या कोडेकाराला ओळखीचा वाटावा.

आधुनिक शब्दकोड्याच्या जनकत्वाबद्दल दोन दावे आहेत. इटलीत जुझेप्पे ऐरोल्दी याने १४ सप्टेंबर १८९० रोजी एका सचित्र साप्ताहिकात चार गुणिले चार घरांचे, आडव्या-उभ्या सूत्रांचे कोडे छापले होते. मात्र त्यात काळी घरे नव्हती आणि त्याची पुढे परंपराही झाली नाही. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन याचे शंकरपाळ्याच्या आकाराचे कोडे न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी आले आणि तेथून हा खेळ अखंड चालत आला, म्हणून सामान्यतः विनलाच श्रेय दिले जाते. त्याने दिलेल्या ‘वर्ड-क्रॉस’ या नावातील शब्दांची काही आठवड्यांतच अदलाबदल झाली, ती जुळाऱ्याच्या चुकीने असे सांगतात. आजच्या कसोटीवर विनचे कोडे सदोषच ठरेल, कारण ‘डव्ह’ हा कबुतरवाचक शब्द त्यात दोनदा उत्तर म्हणून आला आहे. एका जाळीत एक उत्तर एकदाच, हा नियम नंतरचा.

जाळीच्या रचनेत दोन संप्रदाय दिसतात. अमेरिकन जाळीत प्रत्येक पांढरे घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत मोडते. तीन अक्षरांहून लहान शब्द चालत नाही. काळी घरे साधारण एकषष्ठांशाच्या आत ठेवतात. आणि पान उलटे धरले तरी काळ्या घरांची नक्षी तीच दिसावी लागते. १९२४ मध्ये निघालेल्या पहिल्या कोडेसंग्रहाच्या एक संपादक आणि १९४२ पासून न्यूयॉर्क टाइम्सच्या कोडे-संपादक मार्गारेट पेदरब्रिज फरार यांच्या हाताखाली हे दंडक पक्के झाले. ब्रिटिश जाळी विरळ असून तिच्यात शब्दाचे सुमारे निम्मेच अक्षर छेदाच्या घरात येते, उरलेली घरे सुटी राहतात. घरे सुटी राहिली की पडताळा कमी होतो आणि तेवढा भार सूत्रावर पडतो. ब्रिटिश सूत्रे अधिक गूढ असूनही अधिक काटेकोर असतात, त्याचे एक कारण हे असावे. नक्षीची सममिती मात्र केवळ देखणेपणासाठी आहे, सोडवणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

देवनागरीत ही गणिते बदलतात, आणि मराठी कोडेकाराची खरी परीक्षा येथेच होते. इंग्रजीत एका घरात सव्वीसांपैकी एक अक्षर बसते. मराठीत घराचे एकक काना-मात्रेसह संपूर्ण अक्षर असल्याने ३४ व्यंजनांची बाराखडी धरली तरी ४०८ रूपे होतात. २००९ च्या शासननिर्णयानुसार ॲ व ऑ धरून चौदाखडी मांडल्यास ४७६, आणि स्वर व जोडाक्षरे वेगळीच. छेदाच्या घरात दोन्ही शब्दांचे अक्षर मात्रेसकट जुळावे लागते. ‘पाणी’ हा शब्द ‘णी’च्या घरात ‘आणीबाणी’ला छेदू शकतो, ‘पाणिनी’ला नाही. जुन्या लेखनातील ‘कवि’ला ‘विमान’ जोडता येई. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अंत्य इकार दीर्घ झाल्यापासून ‘कवी’ला ‘वीज’ किंवा ‘वीर’ शोधावा लागतो. ‘महाराष्ट्र’ हा चार घरांचा शब्द दिसायला सोयीचा, पण ‘ष्ट्र’ असलेले शब्द बोटांवर मोजण्याइतके, म्हणून त्याचे शेवटचे घर सुटे ठेवणे शहाणपणाचे. याहून नकळत अडवणारी बाब ‘ळ’ची आहे. मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, ‘ण’नेही जवळजवळ नाहीच. जाळीच्या पहिल्या ओळीतील छेदाच्या घरातून उभा शब्द सुरू होतो, तेव्हा तेथे ‘बाळ’, ‘सकाळ’ किंवा ‘कारण’ बसवला की शेवटच्या घराखाली काळे घर टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. डाव्या कडेच्या उभ्या शब्दांनाही हेच लागू. असे शब्द मग उजव्या व खालच्या बाजूला सरकतात.

या कारणांनी मराठी जाळी अमेरिकन घनतेची होऊ शकत नाही. काळी घरे वाढतात, दोन अक्षरी शब्द चालवून घ्यावे लागतात आणि सममिती अनेकदा सोडून द्यावी लागते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, तो लिपीचा स्वभाव आहे. दोष म्हणायचा तो भरताड शब्दांना. कोपरा अडला की ‘अहि’, ‘असि’, ‘अलि’ असे बोलीत नसलेले संस्कृत पर्याय, किंवा ‘घरात’, ‘मुलांनी’ अशी विभक्तीची रूपे कोंबली जातात. अनुभवी कोडेकार म्हणूनच आधी लांब शब्द बसवतो, नंतर सर्वांत अवघड कोपरा भरतो, सोपा भाग शेवटी ठेवतो आणि सूत्रांना जाळी पूर्ण झाल्याशिवाय हात लावत नाही.

शोधसूत्रे सरळ किंवा गूढ असतात. सरळ सूत्र म्हणजे उत्तराची व्याख्या, प्रतिशब्द किंवा रिकामी जागा; मराठी दैनिकांच्या पुरवण्यांत व दिवाळी अंकांत बहुधा हीच आढळतात. गूढ सूत्रात व्याख्येबरोबर शब्दाच्या घडणीचाही आडून निर्देश असतो; त्याचे शास्त्र ब्रिटनमध्ये घडले. ऑब्झर्व्हर या वृत्तपत्रात १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी देणारे एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी या प्रकाराला वळण दिले, तर १९३९ पासून त्यांची जागा घेणारे अभिजात भाषांचे शिक्षक डी. एस. मॅकनट ऊर्फ ‘झिमेनीझ’ यांनी त्याला शिस्त लावली. (दोन्ही टोपणनावे स्पेनमधील धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची आहेत, सोडवणाऱ्यांना ती सार्थ वाटत असावीत.) मॅकनट यांच्या मते सूत्रात अचूक व्याख्या, शब्दघटनेचा प्रामाणिक निर्देश आणि याखेरीज एकही फालतू शब्द नसावा. या मतावर अतिकर्मठपणाचा आक्षेप घेतला गेला आहे. तरीही नवशिक्यासाठी त्याहून चांगली कसोटी नाही.

‘सावकार’ हे उत्तर घेऊ. ‘चोर नसलेल्याची मोटार व्याजाने पैसे देते (४)’ हे सूत्र गमतीदार आहे, कारण साव अधिक कार. परंतु उत्तर नाम आणि व्याख्या क्रियापदाची, हा दोष राहतो. ‘चोर नसलेल्याला मोटार जोडली की व्याजबट्टा करणारा (४)’ असे केल्यास प्रत्येक शब्द कामाला लागतो. उलटापालट मराठीत अक्षरशः करावी लागते, वर्णशः नव्हे : ‘नदी उलटी वाहिली तर गरीब (२)’ याचे उत्तर ‘दीन’, आणि येथे दीर्घ ‘दी’ दोन्हीकडे जुळते हे महत्त्वाचे. श्लेषाला मराठीत फार वाव आहे. ‘नदीला असते, नाटकातही असते (२)’ एवढ्याने ‘पात्र’ सुचते. कंसातील आकडा घरांचा असतो, लिहिलेल्या वर्णांचा नव्हे.

सूत्राला एकच उत्तर असावे, या अपेक्षेला भारतात कायद्याचीही बाजू आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत रोख बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा मोठा व्यवसाय चाले. त्यांतील सूत्रांना मुद्दाम एकाहून अधिक योग्य उत्तरे ठेवलेली असत आणि संयोजकाने आधीच मोहोरबंद केलेल्या उत्तराशी जुळणारी प्रवेशिका जिंके. अशी दहाच सूत्रे प्रत्येकी दोन पर्यायांची असली तरी १,०२४ वेगवेगळ्या प्रवेशिका संभवतात, म्हणजे ज्याच्या खिशात पैसा त्याच्या प्रवेशिका अधिक. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्याने त्यांवर नियंत्रण व कर आणला. बंगळूरहून निघणाऱ्या एका पत्रातून अशी स्पर्धा चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी ती जुगार असल्याचे ठरवले. त्याआधी, १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याच्या एकूण बक्षिसांवर १,००० रुपयांची व प्रत्येक स्पर्धेच्या प्रवेशिकांवर २,००० ची मर्यादा घातली होती. त्यात ‘क्रॉसवर्ड’चा नावाने उल्लेख आहे. ही मर्यादा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांपुरतीच असून, ज्या कोड्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे ते तिच्या कक्षेबाहेर राहते, असा अर्थ न्यायालयाने त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात लावला.