परदेशी निघालात? गोळ्यांची पिशवी आधी आमच्या काउंटरवर उघडा
(जळगावच्या आमच्या मेडिकल दुकानाच्या ग्राहकांसाठी)

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत, मुलाकडे दुबईला, कुणी मक्केला उमऱ्याला. जायच्या आदल्या संध्याकाळी मंडळी दुकानात येतात आणि म्हणतात, "सहा महिन्यांचं औषध बांधून द्या." बांधून द्यायला आम्हाला दहा मिनिटं लागतात. कागद जमवायला मात्र कधी कधी तीन आठवडे जातात. म्हणून तिकीट काढलं की लगेच या.

बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्यांचा सहसा त्रास होत नाही. अडतं ते झोपेच्या, घबराटीच्या आणि कडक वेदनाशामक गोळ्यांवर, नाहीतर खोकल्याच्या कोडीनवाल्या बाटलीवर. स्ट्रिपवरच्या इशाऱ्यात "Schedule H1" छापलेलं असेल तर ते औषध एच-वन यादीतलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणारं कडक औषध समजा: अल्प्राझोलाम, झोल्पिडेम वगैरे. ट्रामाडॉल तर २०१८ पासून आपल्याकडेही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. पण आपल्या यादीवरून तिकडचा अंदाज बांधू नका. शुगरमुळे पायांची आग होते म्हणून अनेक जण प्रेगाबॅलिन घेतात. संयुक्त अरब अमिरातीत ते नियंत्रित औषध आहे. अशा औषधांसाठी तिथल्या सरकारची परवानगी निघण्याआधी ऑनलाइन घ्यावी लागते. सौदी आणि सिंगापूरलाही नियंत्रित औषधांना आधी परवानगी लागते. जपानचं तंत्र आणखी वेगळं: डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध महिन्याभरापेक्षा जास्त न्यायचं तर आधी प्रमाणपत्र मिळवावं लागतं, आणि स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळी तिथे आधी परवानगी घेतल्याशिवाय चालत नाही. वाटेत विमान बदलताना मुक्काम असेल, तर त्या देशाचा नियमही बघायचा.

"काही व्हत नही, शेजारचे घेऊन गेले होते," हे आम्ही रोज ऐकतो. शेजाऱ्यांची बॅग उघडली नसेल, एवढंच.

अमेरिकेला साधारण ९० दिवसांपुरतं औषध न्यावं. त्याहून जास्त राहणार असाल तर पुढचं औषध मागवता येतं, पण त्यासोबत प्रिस्क्रिप्शन, डॉक्टरांचं पत्र, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागतात. जर्मनीत शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी मात्र इथून औषधाचं पार्सल पाठवू नये. युरोपबाहेरून टपालाने आलेलं औषध तिथे अडवलं जातं.

डॉक्टरांना इंग्रजीत पत्र मागा. त्यात आजार, रोजचा डोस आणि औषधाचं मूळ नाव हवं. आपला ब्रँड तिकडे कुणाला ठाऊक नसतो; पॅरासिटामॉललाही अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणतात. पत्र, बिल आणि पासपोर्ट, तिन्हींवर नाव एकच पाहिजे. आम्ही वर्षानुवर्षं बिलावर "जिभाऊ" किंवा "ताई, शिवकॉलनी" लिहीत आलोय, ते इथे कामाचं नाही. दुसरी चूकही आमचीच: स्ट्रिप कापून देण्याची. कापली की नाव किंवा एक्सपायरीची तारीख उरत नाही. प्रवासाला न्यायचं आहे हे आधी सांगा, अख्ख्या स्ट्रिपा देऊ. वजन वाचवायला गोळ्या डबीत ओतू नका.

इन्शुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. खाली सामानात ते गोठू शकतं. त्याआधी जळगाव-मुंबई प्रवास आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. जेल पॅकमध्ये ठेवा, पण फडक्यात गुंडाळून. बर्फाला थेट टेकू देऊ नका. सुया आणि १०० मिलिच्या वरची औषधाची बाटली सुरक्षा तपासणीत विचारण्याआधीच काढून दाखवा, सोबत प्रिस्क्रिप्शन.

आता चूर्णं आणि फराळ. जातिफलादि चूर्णात भांग असते, ते घरीच राहू द्या. लेबल नसलेली पुडी कुठल्याच देशात नेऊ नका. आणि दुबईला अनारसे पाठवताना खसखस लावू नका. तिथे खसखशीला बंदी आहे, कितीही घरची असली तरी.

प्रिस्क्रिप्शनशिवाय झोपेची गोळी "फक्त विमानापुरती" आम्ही देत नाही, ओळख कितीही जुनी असो.

येताना पासपोर्टची झेरॉक्स, तिकीट आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिपा आणा. अमळनेर, चोपड्याहून येणार असाल तर आधी फोन करा, म्हणजे इन्शुलिन मागवून ठेवता येईल.