सिरियल पोर्टचा वेग : एका बाइटपासून सोळा बाइटपर्यंत

उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावरचं वजन संगणकात येतं ते बहुधा सिरियल केबलमधून. वाळूज-चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनला प्रोग्राम जातो तोही याच वाटेने. काट्याचं २४०० किंवा ९६०० बॉडवर (इथे बॉड म्हणजे सेकंदाला बिट) भागतं. वेग वाढवला की मात्र अक्षरं गळू लागतात आणि पहिला संशय केबलवर जातो. लांब केबलचा किंवा अर्थिंगचा दोष असतोही, पण जुन्या पीसीत पोर्टची चिप आणि तिचा प्रोग्राम आधी तपासावा.

१९८१ च्या आयबीएम पीसीच्या सिरियल कार्डवर ८२५० ही चिप होती. १.८४३२ मेगाहर्ट्झचं घड्याळ, त्याला १६ ने भाग, म्हणून कमाल वेग १,१५,२०० बॉड. या वेगाला भागणारा आकडा, म्हणजे डिव्हायझर, १२ दिला की ९६००, १ दिला की पूर्ण वेग. पीसीतल्या मूळ प्रोग्रामचा, म्हणजे बायॉसचा, सिरियल पोर्टसाठीचा इंटरप्ट (हेक्स १४) मात्र ९६०० वर थांबायचा, आणि एकेका अक्षरासाठी प्रोसेसरला पोर्टपाशी ताटकळत ठेवायचा. म्हणून वेग हवा असलेल्यांनी बायॉस सोडून थेट चिपच्या रजिस्टरांना (आतल्या छोट्या नोंद-खणांना) हात घातला : कॉम-१ साठी पत्ता हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) ३एफ८ आणि आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) ४, कॉम-२ साठी २एफ८ आणि आयआरक्यू ३. इथे मोडेम कंट्रोल रजिस्टरमधला आउट-२ बिट चालू करायचा राहिला, तर बाकी सगळं बरोबर असूनही इंटरप्ट, म्हणजे चिपची ‘काम आलंय’ ही हाक, प्रोसेसरपर्यंत पोचत नाही.

खरी अडचण वेळेची होती. स्टार्ट आणि स्टॉप धरून एका बाइटला १० बिट लागतात. १,१५,२०० ला ते ८७ मायक्रोसेकंदांत येतात. ८२५० मध्ये आलेला एकच बाइट थांबू शकतो. पुढचा पुरा होण्याआधी तो उचलला नाही तर ओव्हररन, म्हणजे बाइट हरवतो आणि लाइन स्टेटस रजिस्टरमधला १ क्रमांकाचा बिट चालू होतो. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरला ८७ मायक्रोसेकंदांत जेमतेम ४१४ क्लॉक (घड्याळाचे ठोके) मिळतात, आणि स्वतःची रजिस्टरं जपण्यातच त्यातले बरेच जातात. १९८४ च्या पीसी-एटीसोबत १६४५० आली, पण जागा एकाच बाइटची राहिली.

१६५५० मध्ये १६ बाइटांचा फिफो, म्हणजे आधी आलेला बाइट आधी बाहेर देणारी रांग, आला, पण पहिल्या चिपांत तो सदोष होता. १६५५०ए मध्ये तो सुधारला. फिफो कंट्रोल रजिस्टरला हेक्स सी७ लिहून इंटरप्ट ओळखीचं रजिस्टर (एरवी इंटरप्टचं कारण सांगणारं) वाचावं. वरचे दोन्ही बिट १ असतील तर फिफो वापरण्याजोगा. सी७ म्हणजे १४ बाइट जमल्यावर इंटरप्ट. त्यानंतर हातात उरतात सुमारे २६० मायक्रोसेकंद. डिस्कवर लिहितानाही डेटा घ्यायचा असेल तर ८ ची मर्यादा, म्हणजे हेक्स ८७, आम्हाला जास्त भरवशाची वाटते : इंटरप्ट वाढतात, पण सवड जवळपास ७८० मायक्रोसेकंदांची मिळते.

हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड) लिहिताना दोन चुका वारंवार होतात. मर्यादेपेक्षा कमी बाइट येऊन लाइन शांत झाली, तर चार अक्षरांच्या वेळेनंतर टाइमआउटचा वेगळा कोड येतो, हेक्स ०सी. हँडलर फक्त ०४ (मर्यादेइतके बाइट आल्याचा कोड) तपासत असेल तर संदेशाचं शेपूट आतच अडकतं. दुसरी चूक जास्त घातक. आयएसए बसवर (जुन्या पीसीत कार्डं जोडायची वाट) इंटरप्ट कंट्रोलर आयआरक्यूची फक्त चढती कड ओळखतो. एखादं कारण शिल्लक असताना हँडलर बाहेर पडला तर आयआरक्यूची लाइन वरच राहते, नवी कड येत नाही आणि पोर्ट मुका होतो. म्हणून ओळखीच्या रजिस्टरचा बिट ० हा १ होईपर्यंत, म्हणजे कारण शिल्लक नसेपर्यंत, आतच फिरत राहावं.

सीएनसीला प्रोग्राम पाठवताना हाच फिफो उलटतो. मशीनची मेमरी भरत आली की ते एक्सऑफ (‘थांबा’ सांगणारी खूण) पाठवतं. प्रोग्राम थांबतो, पण पाठवणीच्या फिफोत आधीच भरलेले १६ पर्यंत बाइट जातच राहतात. कंट्रोलरकडे तेवढी जागा उरलेली नसेल तर ओळी तुटून अलार्म येतो. अशा मशीनसाठी फिफो बंद ठेवावा, नाहीतर एका वेळी एकच बाइट टाकावा. ९६०० ला बाइटमागे एक मिलिसेकंद मिळतो, तेवढा ३८६ प्रोसेसरलाही पुरतो.