पंचनामा

गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी पाहिलेल्या, शोधलेल्या वा जप्त केलेल्या गोष्टींची, त्रयस्थ पंचांसमक्ष जागेवरच केलेली लेखी नोंद. महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक फौजदारी खटल्याची भिस्त पंचनाम्यांवर असते. तरी फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत या दस्तऐवजाची व्याख्या नाही. झडतीच्या वेळी त्या भागातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, एवढे कायदा सांगतो (१९७३ च्या संहितेचे कलम १००, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०३). बाकीचा साचा पोलिसी वहिवाटीतून आला आहे.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात चतुःसीमा, अंतरे, डाग आणि सापडलेल्या वस्तू येतात. इन्क्वेस्ट पंचनामा मृतदेहाची स्थिती, जखमा व मृत्यूचे वरकरणी दिसणारे कारण नोंदवतो. मारेकऱ्याचे नाव त्यात नसले तरी बिघडत नाही. अटक आणि जप्तीचे पंचनामे वेगळे.

सर्वाधिक वाद होतो तो निवेदन पंचनाम्यावर, म्हणजे आरोपीने दिलेली माहिती आणि तिच्यावरून सापडलेली वस्तू यांच्या नोंदीवर. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. मात्र आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून काही सापडले, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग चालतो (१८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये). ‘छपरात लपवलेला चाकू काढून देतो’ हे चालेल; ‘त्याच चाकूने मी भोसकले’ हे वगळावे लागेल. ही रेषा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टया खटल्यात आखली. म्हणून बचावाचे वकील उलटतपासणीत बारीकसारीक विचारतात: जागा कोणालाही जाता येईल अशी होती का, ती पोलिसांना आधीच ठाऊक होती का, मुद्देमाल तिथेच सीलबंद केला का, लेबलांवर पंचांच्या सह्या आहेत का.

पंचनामा हा स्वतःहून पुरावा नव्हे. पंचाने न्यायालयात येऊन आपण काय पाहिले ते सांगावे लागते, तेही बहुधा काही वर्षांनी. सही आपली, पण ती ठाण्यात घेतली आणि मजकूर वाचला नाही, असे तो म्हणाला की तो ‘फितूर’ ठरतो. तेवढ्याने खटला कोसळतोच असे नाही; तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह वाटली तर न्यायालय ती स्वीकारू शकते. तारखांचे हेलपाटे आणि आरोपीची भीती यांमुळे लोक पंच व्हायला टाळतात, मग ठाण्याशी घसट असलेले ‘नेहमीचे पंच’ कामी येतात आणि बचावाला आयता मुद्दा मिळतो. झडतीला हजर राहण्याचा लेखी हुकूम विनाकारण धुडकावणे हा गुन्हा आहे. पण धाकाने आणलेला पंच साक्षीत कितपत टिकणार?

रहस्यकथा आणि चित्रपटांना पंच फारसा परवडत नाही, कारण त्याच्यामुळे गोष्ट थांबते. पडद्यावरचा इन्स्पेक्टर पिस्तूल रुमालात उचलून खिशात टाकतो आणि शेवटी गुन्हेगार त्याच्याचपुढे सारे कबूल करतो. खऱ्या खटल्यात त्या पिस्तुलावर शंकांचा भडिमार होईल आणि कबुली तर वाचूनही दाखवता येणार नाही.

नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे, सह्या होण्यासकट, दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. त्यामुळे सह्या कुठे झाल्या हा जुना वाद कमी होईल. चित्रण सुरू होण्यापूर्वी वस्तू कुठे होती, हा प्रश्न मात्र पंचालाच विचारावा लागेल.