लॅब का जर्मन? या प्रश्नामागचं डबल कोट प्रकरण

आमच्या वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात कोणी कुत्र्याचं पिल्लू घ्यायला निघालं की पहिला प्रश्न "लॅब घेऊ का जर्मन?", म्हणजे लॅब्राडोर का जर्मन शेफर्ड, आणि त्याला लागूनच दुसरा, "डबल कोट हाय का भाऊ?" पहिला प्रश्न घर, वावर, लेकरं, म्हातारी माणसं बघून सुटतो. दुसऱ्यानं मात्र गेली पंधरा-वीस वर्षं सगळा घोळ करून ठेवलाय, म्हणून जास्त त्याच्याबद्दलच लिहितोय.

जुना भाग थोडक्यात. लॅबच्या नावात लॅब्राडोर असलं तरी हे कुत्रं मूळचं शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचं, गारठलेल्या पाण्यात उडी मारून जाळी ओढणारं, सुटलेले मासे आणणारं. तिथून ते इंग्लंडला गेलं, तिथल्या जमीनदारांनी बंदुकीनं पाडलेले पक्षी उचलून आणायला वापरलं आणि १९०३ ला त्याला वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली. जर्मन शेफर्ड १८९९ चं, घोडदळातल्या एका कॅप्टननं मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून उभं केलेलं. तिकडे कुंपण नसायचं, कळप चरत असताना या कुत्र्यानं दिवसभर कडेकडेनं फिरायचं आणि मेंढी शेजारच्या पिकात जाऊ द्यायची नाही, म्हणजे आपल्या भाषेत धुऱ्यावरचा जागल्याच. एक उचलून आणणारं, एक हद्द सांभाळणारं, आणि हा फरक आजही अंगणात दिसतो, लॅब पाहुण्याची चप्पल तोंडात धरून येतो, जर्मन पाहुण्याला फाटकाबाहेर उभा ठेवतो.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन शब्दच नकोसा झाला म्हणून त्यांनी याच कुत्र्याचं नाव अल्सेशियन केलं, आणि जुनं नाव तिकडे १९७७ ला परत आलं. आपल्याकडे राज्य इंग्रजांचं होतं त्यामुळे अल्सेशियनच रुजलं, मालगुजाराच्या वाड्यात अल्सेशियन होता असं जुनी माणसं अजून सांगतात. पुढं टीव्ही आणि मोबाईलमधून जर्मन शेफर्ड हे नाव आलं तेव्हा लोकांना वाटलं की ही दोन वेगळी कुत्री आहेत, बारीक केसाचं ते अल्सेशियन आणि केसाळ ते जर्मन. विकणाऱ्यांनी हा गैरसमज कधीच दूर केला नाही, कायले करतील.

आता डबल कोट. कुत्र्याच्या अंगावर वरचा राठ केस असतो आणि त्याच्याखाली मऊ दाट लव, सरकी काढलेल्या कापसासारखी. हे दोन्ही थर असले की डबल कोट, शब्दाचा अर्थ एवढाच. जर्मनला हे दोन थर असायलाच पाहिजेत, आखूड केसाच्या जर्मनलाही असतात. आणि गंमत म्हणजे लॅबलाही असतात, त्या बर्फाच्या पाण्यात तो उगाच टिकला नाही! पण बाजारात डबल कोट म्हणजे लांब केसाचं पिल्लू, त्याला चार-पाच हजार जास्त, आणि बारीक केसाचं ते सिंगल कोट, म्हणजे जणू कमअस्सल. जोडीला डबल बोन असतंच, जाड पायाच्या पिल्लाला म्हणतात, जसं काही बाकीच्यांना हाडं निम्मीच दिली आहेत.

लांब केस येतात ते एका जनुकामुळे, आणि तो आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच केस लांब होतात, त्यामुळे दोन्ही बारीक केसाच्या आईबापांच्या पिल्लांत एखादं झुबकेदार निघू शकतं. त्यात जास्त अस्सल असं काहीच नाही. उलट खुद्द जर्मनीकडच्या मापदंडात लांब केस कितीतरी वर्षं दोष धरले जायचे, २०१० च्या दुरुस्तीत खाली लव असेल तर लांब केसाला वेगळा प्रकार म्हणून जागा मिळाली. या निर्णयावर बरीच भांडणं झाली, कामाची कुत्री पाळणारे म्हणत होते की काट्याकुट्यात आणि चिखलात लांब केस कुचकामी, शोभेवाले म्हणत होते की लोकांना हेच आवडतं. माझं मत विचाराल तर पहिल्यांचं बरोबर होतं. कुंदा आणि गोखरू भरलेल्या वावरातून लांब केसाचं जर्मन आणून बघा, संध्याकाळ ते केस सोडवण्यातच जाते, आणि पावसाळ्यात त्या केसांच्या आत गोचीड बसली की ताप येईपर्यंत दिसत नाही.

मग उन्हाळा. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा दोन्ही कुत्री धापाच टाकतात, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढूनच अंग थंड करावं लागतं. लोक काय करतात तर मशीन लावून पार भादरून टाकतात. तो वरचा केस उन्हापासून कातडी वाचवतो, भादरल्यावर ऊन थेट लागतं आणि कधीकधी केस नंतर नीट येतही नाहीत. आतली लव मार्च-एप्रिलमध्ये आपोआप गळते, फणीनं काढत राहिलं, दुपारी ओसरीच्या ओल्या फरशीवर नाहीतर कूलरसमोर ठेवलं की झालं. टिनाच्या शेडखाली साखळीला बांधलेलं जर्मन मे महिन्यात काय भोगतं ते मी पाहिलंय. साखळीवरचं जर्मन दोन वर्षांत चावरं होतं आणि मग बदनामी जातीची होते.

लॅबची अडचण दुसरी, ताटाची. २०१६ मध्ये एक संशोधन आलं, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या जनुकात गडबड असते, म्हणून तो खाऊनही भुकेलाच असतो. आपल्याकडे घरात आठ माणसं, प्रत्येक जण जाता-येता भाकरीचा तुकडा टाकतो, वरून लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं. तीन वर्षांत लॅबचा रांजण होतो. तरी लेकराबाळांच्या, येणं-जाणं असलेल्या घरात मी लॅबच सुचवतो, चोरालाही तो शेपटी हलवेल हे मान्य करून. जर्मन त्या घरात जिथं एक माणूस रोज तासभर त्याच्यासोबत चालायला तयार आहे. आणि रानडुकरांसाठी म्हणून कोणी घेत असेल तर दोन्ही नको, एकटं कुत्रं डुकरासमोर गेलं की पोट फाडून घेऊनच परत येतं, आणि जंगलाकडेला रात्री बाहेर बांधलं तर बिबट्याला ताट वाढल्यासारखंच आहे.

पिल्लांचा हा बाजार खेड्यात आला तो मोबाईलवरूनच. त्याआधी जाती म्हणजे पांढरं पामेरियन, तेही बहुतेक त्याच्यासारखं दिसणारं इंडियन स्पिट्झच असायचं. २०१६ मध्ये धंद्यासाठी परदेशातून कुत्री आणण्यावर बंदी आली, २०१७ च्या नियमात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असं ठरलं, पण आमच्याकडे महिन्याभराची पिल्लं खोक्यातून एसटीनं येतच राहिली. मग मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारचं राज्यांना एक पत्र निघालं, धोकादायक म्हणून २३ जातींची यादी, यांना परवाना देऊ नका म्हणून. यादीत लॅब नव्हता, जर्मन शेफर्डही नव्हता. पण कॉकेशियन शेफर्ड, साउथ रशियन शेफर्ड अशी नावं होती, आणि लोकांनी त्यातला शेफर्ड तेवढा वाचला. आमच्या ओळखीतल्या दोघांनी घाबरून आपले जर्मन सासुरवाडीला पोचते केले. एप्रिलमध्ये एका हायकोर्टानं ते पत्र रद्द केलं, आणि पुढच्याच आठवड्यात विकणाऱ्यांचे स्टेटस परत सुरू, डबल कोट, डबल बोन, एकच मेल पिल्लू शिल्लक.