कमेंटमधील शुद्धलेखन-दुरुस्ती

सोर्स कोडमधील कमेंटांत (वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या टिपांत) राहिलेल्या स्पेलिंगच्या चुका शोधून सुधारण्याची प्रथा. कम्पायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) कमेंट गाळून टाकतो, त्यामुळे अशा दुरुस्तीने प्रोग्रामच्या वर्तनात सहसा फरक पडत नाही.

सर्वसाधारण शब्दकोश कोडला लावल्यास चलांची नावे आणि संक्षेपही चुकीचे ठरतात. म्हणून अचूक शब्दांऐवजी नेहमीच्या चुकांचीच यादी वापरली जाते : ‘रिसीव्ह’मध्ये ‘ई’ आणि ‘आय’ची अदलाबदल, ‘ऑकर्ड’ (घडले) या शब्दात एकच ‘आर’, इत्यादी. या याद्यांच्या किमान दोन परंपरा दिसतात. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) ‘स्पेलिंग’ फाइलीचा उगम डेबियन या लिनक्स वितरणाच्या लिंटियन या तपासणी-साधनात असल्याचे तिच्या शीर्षटिपेतच नोंदले आहे. कोडस्पेल या पायथन साधनाचा कोश इंग्रजी विकिपीडियावरील यादीवरून बेतला आहे. पहिलीत चूक व दुरुस्ती यांच्यामध्ये दोन उभ्या रेघा असतात, दुसरीत बाण. मांडणीतील या भेदावरूनही दोन्ही परंपरा मुळात वेगळ्या मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे कर्नलच्या चेकपॅच या तपासणी-स्क्रिप्टमध्ये कोडस्पेलचा कोश वापरण्याची सोय झाली आणि दोन्ही एकत्र आल्या.

मार्च 2011 मध्ये लुकास दे मार्ची यांनी कोडस्पेलने काढलेल्या आणि स्वतः तपासलेल्या दुरुस्त्या एकाच बदलात कर्नलमध्ये आणल्या. त्यात दोन हजारांहून अधिक फाइली बदलल्या. एवढी मोठी सफाई एकदम करावी, की ज्या फाइलीत काम चालू आहे तेवढीच सुधारावी, याविषयी मतभेद आहेत. एकगठ्ठा बदलामुळे इतरांचे प्रलंबित पॅच (कोडमधील प्रस्तावित बदल) लागू होताना अडतात आणि ‘गिट ब्लेम’मध्ये (गिट या आवृत्ती-नोंद साधनाच्या, प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेत) ओळीचा मूळ लेखक झाकला जातो. गिटच्या 2.23 आवृत्तीपासून (2019) असे बदल वगळून इतिहास पाहता येतो. तरी पॅच अडण्याची अडचण उरतेच, म्हणून दुसरा पक्ष अधिक ग्राह्य आहे.

कर्नलच्या पॅच-मार्गदर्शिकेतील किरकोळ बदलांच्या यादीत दस्तऐवजांतील स्पेलिंगला सरसकट मुभा होती. इतर ठिकाणी मात्र ‘ग्रेप’ या मजकूर-शोधाच्या आज्ञेने शोधताना अडथळा आणतील अशाच चुकांचा उल्लेख होता. हा निकष महत्त्वाचा आहे. चुकीच्या स्पेलिंगची कमेंट शोधात सापडत नाही, आणि एखाद्या कुलुपाविषयी (एकाच वेळी दोघांनी तोच डेटा बदलू नये म्हणून लावलेल्या ‘लॉक’विषयी) किंवा हार्डवेअरच्या दोषाविषयी दिलेला इशारा नेमका गरजेच्या वेळी हाती लागत नाही.

काही कमेंट साधनेही वाचतात, तेथे सावधगिरी हवी. जीसीसी या कम्पायलरच्या 7 व्या आवृत्तीपासून (2017) ‘स्विच’ या पर्याय-रचनेतील एका ‘केस’मधून पुढच्या ‘केस’मध्ये मुद्दाम उतरत असल्याची कमेंट ठरावीक रूपांत ओळखली जाते, तिचे स्पेलिंग बदलल्यास इशारा उमटू शकतो. पायथन फाइलीच्या पहिल्या दोन ओळींतील एन्कोडिंगची घोषणा, गो भाषेतील बिल्ड-निर्देश आणि परवान्याचा मजकूर यांनाही यांत्रिक दुरुस्ती लावू नये. पायथनमधील डॉकस्ट्रिंग (फंक्शन इत्यादींच्या सुरुवातीचा वर्णनपर मजकूर) तर कमेंट नसून प्रोग्रामचाच भाग असते.

चलांच्या व फंक्शनांच्या नावांतील चुका या नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत. नाव एकदा इतरांच्या वापरात गेले की ते सुधारणे दुष्कर होते : एचटीटीपी या वेबच्या संदेश-नियमावलीतील ‘रेफरर’ हे शीर्षक (हेडर) आरएफसी 1945 (1996) या मानक-दस्तऐवजात एक ‘आर’ गाळून आले आणि आजही तसेच लिहावे लागते.