ड्रिफ्ट शिकायला येताय? आधी हात सैल सोडायची तयारी करून या

ड्रिफ्ट म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी वळणातून आडवी नेणं, आणि तो आम्ही आमच्या यार्डात शिकवतो. बुकिंगच्या फोनवर आम्हाला तेच चार प्रश्न विचारले जातात आणि यार्डात गाडीत बसल्यावर जवळजवळ प्रत्येकाच्या हातून तीच एक चूक होते. प्रश्नांची उत्तरं फोनवर देता येतात. चूक मात्र तुमच्या पैशांचा वेळ खाते, म्हणून हे पत्रक काढलं आहे. येण्याआधी एकदा शांतपणे वाचा. गाडी चालवायला तुम्हाला येतेच, त्यामुळे क्लच-गिअर इथे समजावत बसत नाही.

पहिली वीस मिनिटं गाडी जॅकवर का असते?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. "दादा, म्हापशाहून एवढ्या लांब आलो, पैसे भरले आणि तुम्ही गाडी उचलून ठेवलीत?" हो, ठेवतो. पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून खाली लोखंडी स्टँड लावतो, इंजिन बंद ठेवतो आणि तुम्हाला सीटवर बसवतो. आमचा माणूस बाहेरून पुढचं चाक हाताने एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झटक्यात वळवतो. तुम्ही फक्त स्टिअरिंगवर तळवे टेकवायचे आणि ते हाताखालून पळू द्यायचं. थांबलं की पकडायचं. पुन्हा पळालं की पुन्हा सोडायचं.

हे पोरखेळासारखं वाटतं, पण ड्रिफ्ट इथेच शिकला जातो. कारण पुढे सांगतो.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात असताना जास्त रेस दिली, की मागचे टायर पकड सोडतात आणि गाडीची शेपूट बाहेर जाते. त्या क्षणी गाडी ज्या दिशेला सरकत असते, त्या दिशेला पुढची चाकं आपोआप वळू पाहतात. चाकांची बसवणीच तशी असते. अलाइनमेंटवाले तिला कॅस्टर म्हणतात. मालाची हातट्रॉली ढकलताना तिचं फिरतं चाक कसं आपसूक जायच्या दिशेला वळतं, तसंच हे. म्हणजे वळणाच्या उलट बाजूला स्टिअरिंग फिरवणं, ज्याला सगळे काउंटर स्टिअरिंग म्हणतात, त्यातलं निम्मंअधिक काम गाडी स्वतः करते. आपल्या हातांनी आड येऊ नये, एवढंच तिचं मागणं असतं.

आणि इथेच सगळे आड येतात. गाडी सुटली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस हातातलं आवळून धरतो. हा दोष कोणाचाच नाही. चोर्ल्याच्या घाटात पावसात गाडी चालवणाऱ्याने स्टिअरिंग घट्टच धरलं पाहिजे. पण इथे ते आवळलं की चाकं वेळेत उलट वळत नाहीत आणि गाडी जागच्या जागी गरकन फिरते.

याहून महाग पडणारा भाग त्याच्या पुढचा आहे, आणि त्याबद्दल बाहेर फारसं कोणी सांगत नाही. समजा, तुम्ही स्टिअरिंग उलट वळवलंत आणि गाडी सांभाळली गेली. आता मागच्या टायरांना पुन्हा पकड येणार. ती आली की स्टिअरिंग तितक्याच वेगाने सरळ व्हायला हवं. तुम्ही "सांभाळली!" या आनंदात ते उलटंच धरून राहिलात, तर पुढची चाकं जिकडे बघतात तिकडे गाडी झेपावते. आमच्या उजव्या वर्तुळात ती डावीकडे, म्हणजे वर्तुळाच्या बाहेर जाते. हा दुसरा झटका पहिल्यापेक्षा जोरदार असतो. घाबरून रेस एकदम सोडली तर तो आणखी वाढतो, कारण रेस सोडताच वजन पुढे जातं आणि फिरणारे मागचे टायर एका क्षणात जमीन पकडतात. रेस कमी करायची ती पायाच्या अंगठ्याजवळच्या भागाने, दोन-तीन मिलिमीटर. पाय उचलायचा नाही.

गाडी फिरली, की थांबा, इंजिन पुन्हा चालू करा, वर्तुळाच्या मधलं आडवं पडलेलं पिंप उभं करा, जागेवर या. यात दीड-दोन मिनिटं सहज जातात. पंधरा वेळा असं झालं की तुमचा अर्धा तास गेला आणि शिकण्यासारखं काही झालेलं नाही. जॅकवरची वीस मिनिटं ज्यांनी मनापासून केली, त्यांच्या गाड्या कमी फिरतात, हे आम्ही रोज बघतो. म्हणून ही पायरी कोणासाठीही गाळत नाही, आधी कुठे शिकून आलात तरीही.

अंगठे स्टिअरिंगच्या दांड्यांत अडकवू नका. स्टिअरिंग झपकन फिरताना दांडी अंगठ्यावर बसली, तर तो दुखावतो. अंगठे वर, रिंगच्या कडेला.

मग प्रत्यक्षात काय करायचं?

यार्ड काँक्रीटचं आहे, सडा म्हणजे जांभ्याचं पठार सपाट करून बांधलेलं. त्यावर आधी पाणी मारतो. मधोमध एक निळं प्लास्टिकचं पिंप ठेवतो. ओल्या काँक्रीटवर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरला गाडी सुटते. कोरड्यावर त्यासाठी कितीतरी जास्त वेग आणि जास्त टायर लागतात. पाणी मारायचं कारण हेच. चूक कमी वेगात होऊ दे.

सुरुवात पिंपाभोवती उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. आपण उजव्या बाजूला बसतो, त्यामुळे पिंप तुमच्याच खिडकीतून दिसतं. डोळे बॉनेटवर ठेवू नका. मान वळवून, जिथे जायचं आहे तिथे बघा. हात डोळ्यांच्या मागे जातात. उजवं वर्तुळ सलग तीन फेऱ्या राहिलं की मग डावं. ते नेहमी जड जातं, कारण पिंप शिकवणाऱ्याच्या पलीकडे लपतं. त्यानंतर दोन पिंपांभोवती आठाचा आकडा. पहिल्या सत्रात आठापर्यंत पोहोचणारे थोडेच असतात आणि त्यात कमीपणा नाही.

गाडी हाताबाहेर गेली तर एकच नियम: दोन्ही पाय खाली, क्लच आणि ब्रेक एकत्र, पूर्ण. गाडी उलटी घरंगळत असताना क्लच सोडलेला असेल तर इंजिन उलटं फिरायला बघतं. ती दुरुस्ती मोठी असते.

हँडब्रेक का नाही?

जपानचे नामांकित ड्रिफ्ट ड्रायव्हर केइची त्सुचिया यांचे जुने व्हिडिओ बघून आलेली मुलं हँडब्रेक मागतात. १९८०च्या दशकात जपानच्या घाटरस्त्यांवर त्यांनी नाव कमावलं, आणि त्यांची ती १९८३ ते १९८७ या काळात निघालेली टोयोटा एई८६ आजही मुलांच्या तोंडी असते. हौस चांगली आहे. पण हँडब्रेकने शेपूट बाहेर काढणं सोपं आहे. ती बाहेर टिकवणं ही कला आहे आणि ती रेस व स्टिअरिंगचीच. पहिल्या सत्रात हँडब्रेक दिला, की विद्यार्थी प्रत्येक चुकीला तोच ओढतो. तिसऱ्या सत्रात शिकवतो: क्लच दाबून, बटण दाबून ठेवूनच ओढायचा, म्हणजे तो अडकून राहत नाही.

माझ्या गाडीवर शिकवाल का?

स्विफ्ट, आय-ट्वेंटी, बलेनो या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आहेत. त्यांची शेपूट हँडब्रेकने बाहेर काढता येते, पण रेसने धरून ठेवता येत नाही. थोड्या अंतरात घसरणं संपतं. तो वेगळा खेळ आहे.

इको आणि बोलेरो मागच्या चाकांवर चालतात, हे खरं. पण उंच गाडी आडवी सरकताना तिचा टायर काँक्रीटच्या कडेला किंवा जांभ्याच्या मऊ मातीत अडकला, तर ती कलंडते. अशी गाडी आम्ही आत घेत नाही, कितीही विनंती केली तरी.

बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज आणणार असाल, तर आधी आमच्या गाडीवर एक सत्र करा. तुमच्या गाडीची स्टॅबिलिटी यंत्रणा, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, पूर्ण बंद होते की अर्धीच, हे आम्ही बघू. अर्धी चालू असेल तर गाडी मध्येच रेस तोडते आणि तुम्हाला वाटतं, चूक आपली.

आमच्या दोन्ही गाड्या हिंदुस्तान मोटर्सच्या जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या कॉन्टेसा आहेत, इसुझूचं १.८ पेट्रोल इंजिन असलेल्या. ताकद पंच्याऐंशी-नव्वद हॉर्सपॉवर. ओल्यावर तेवढी पुष्कळ होते, आणि लांब गाडी हळू फिरते, त्यामुळे नवशिक्याला विचार करायला वेळ मिळतो. दोन्हींचं डिफ (डिफरन्शियल, वळणात मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) वेल्ड केलेलं आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. साध्या डिफच्या गाडीत आतलं चाक हवेसारखं फिरत राहतं, धूर एकाच टायरचा निघतो आणि शेपूट नीट सुटत नाही. पुष्कळांनी घरच्या गाडीवर प्रयत्न करून "मला जमत नाही" असं ठरवलेलं असतं, तेव्हा बहुतेक वेळा अडचण डिफची असते. वेल्ड केलेल्या गाड्या रस्त्यावर नेण्यासारख्या नसतात, म्हणून त्या यार्डाबाहेर ट्रकवरच जातात. फीमध्ये टायर, पेट्रोल, पाणी आणि हेल्मेट आलं.

येताना

बूट घालून या. पावसात चप्पल घालायची आपल्याला सवय असते, पण ओली चप्पल पेडलवरून घसरते. खिशातला मोबाइल, किल्ल्या बाहेर ठेवा. गाडीत सुटी पाण्याची बाटली नको, ती घरंगळत ब्रेकखाली जाते. भरपेट शीतकडी जेवून लगेच येऊ नका, वर्तुळात पोट ढवळतं. सकाळची पेज पिऊन आलेले सगळ्यात सुखी असतात. मागच्या सीटवर मित्र बसवत नाही. तो बाहेरून बघू दे, त्याच्यासाठी छप्पर बांधलं आहे. लायसन्स मूळ प्रत दाखवावं लागेल.

शिकल्यावर रस्त्यावर नको

हे कळकळीने सांगतो. इथे वीस किलोमीटरला जे जमतं ते रस्त्यावर जमेल असं वाटणं साहजिक आहे. मोपा विमानतळाकडचा रुंद रस्ता रात्री मोकळा दिसतो, पण समोरून येणाऱ्या दुचाकीला तुमचा सराव माहीत नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे धोकादायक चालवण्याला पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायला तर बंदीच आहे. खाजगी गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, ती ओळ आपल्या पॉलिसीत काढून वाचा. आमचा विद्यार्थी रस्त्यावर ड्रिफ्ट करताना सापडला, तर त्याला पुढची सत्रं देत नाही. उरलेले पैसे परत करतो.

बुकिंग

मिरग लागला की यार्ड आपोआप ओलं राहतं, म्हणून जून ते सप्टेंबर आठवड्यातून पाच दिवस सत्रं असतात. चवथीचे दिवस सोडून. फेब्रुवारीनंतर पाणी टँकरने आणावं लागतं, तेव्हा फक्त शनिवार-रविवार सकाळ. पावसाळ्यातली सत्रं लवकर भरतात, मे महिन्यातच विचारून ठेवा. विजा चमकत असतील तर सत्र पुढे ढकलतो, पैसे जात नाहीत.

एका गाडीत एकच विद्यार्थी, एका सत्राची नव्वद मिनिटं, त्यातली पहिली वीस जॅकवर. दुसऱ्या सत्रापासून जॅक लागत नाही, पण मध्ये दोन-तीन महिने गेले असतील आणि हात पुन्हा आवळल्यासारखे वाटत असतील, तर गेटवरच सांगा. तेवढी वीस मिनिटं आम्ही सत्राच्या वेळेबाहेर, वेगळे पैसे न घेता करून देतो.