शून्य फॉस्फेट आणि १८० ग्रॅम शेवाळ

गेल्या महिन्यात एका रविवारी मी आमच्या समुद्री माशांच्या टाकीतलं शेवाळ उपटलं, घट्ट पिळलं आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. १८० ग्रॅम भरलं. हिरवंगार, केसांसारखं, बोटांना गुंडाळणारं, ओहोटीच्या किनाऱ्याचा वास असलेलं. तासाभरापूर्वीच त्याच टाकीच्या पाण्याची फॉस्फेट चाचणी केली होती. फॉस्फेट असेल तर नळीतलं पाणी निळं होतं. ते नितळ राहिलं, म्हणजे फॉस्फेट शून्य.

खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे बहुतेक सगळे कधी ना कधी इथे अडतात. पाण्यात काहीच नाही, तर हे शेवाळ जगतंय कशावर? मग कुणी किटला दोष देतं, कुणी मिठाला, कुणी दिव्यांना. किट बहुतेक वेळा बरोबर असतं. ते पाण्यात उरलेलं फॉस्फेट मोजतं. शेवाळाने आधीच गिळलेलं फॉस्फेट त्याला दिसणार कसं? रेशनच्या दुकानात गहू उरला नाही, याचा अर्थ गहू आलाच नव्हता असा होत नाही.

तेव्हा हिशेब आवकेचा मांडायला हवा. शेतकऱ्याला पाठ असलेलं त्रिकूटच इथे कामाला येतं: नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम). फॉस्फेट हे स्फुरदाचंच पाण्यातलं रूप. समुद्राच्या पाण्यात पालाश मुबलक असतं, लिटरला जवळपास ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम. त्याची चिंता नको. वाढीला लगाम लागतो तो नत्र किंवा स्फुरद कमी पडल्यावर. प्रवाळखडकांजवळच्या उघड्या समुद्रात हे दोन्ही इतके तुटपुंजे असतात की फॉस्फेट लिटरला मिलिग्रॅमच्या एक-दोन शतांशांपर्यंतच भरतं.

मला या विषयातलं सर्वांत आवडतं कोडं इथेच आहे. समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींमध्ये कार्बन, नत्र आणि स्फुरद यांच्या अणूंचं सरासरी प्रमाण १०६:१६:१ असतं. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावाने ते ओळखलं जातं. पण खडकाला धरून वाढणाऱ्या शेवाळाचं गणित निराळं आहे. ॲटकिन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी १९८३ मध्ये ते सरासरी ५५०:३०:१ असं मांडलं. म्हणजे स्फुरदाच्या एका अणूवर हे शेवाळ कार्बनचे साडेपाचशे अणू उभे करतं. इतका काटकसरी संसार दुसरा कुणी करत नसेल!

आता आकडे घालू. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का स्फुरद असतं. एक ग्रॅम खाद्य, म्हणजे चांगली मोठी चिमूट, टाकीत गेली की १० मिलिग्रॅम स्फुरद गेलं. फॉस्फेटच्या रूपात मोजलं तर ते ३० मिलिग्रॅम. माझी टाकी २०० लिटरची, म्हणजे एका दिवसाच्या एका चिमटीतून लिटरला ०.१५ मिलिग्रॅम. खडकाजवळच्या समुद्रापेक्षा किमान सातपट, तेही एकाच दिवसात. मासा त्यातला काही भाग अंगी लावतो, बाकीचं विष्ठेतून आणि मूत्रातून पाण्यात परत येतं.

काट्यावरच्या त्या गोळ्याचाही हिशेब करू. १८० ग्रॅममधलं पाणी वजा केलं तर कोरडा माल साधारण १८ ग्रॅम. वरच्या प्रमाणाने त्यात सुमारे २५ मिलिग्रॅम स्फुरद, म्हणजे ७७ मिलिग्रॅम फॉस्फेट. ते सगळं पाण्यात मोकळं असतं, तर किटने लिटरला ०.४ मिलिग्रॅमच्या आसपास आकडा दाखवला असता आणि नळी गडद निळी झाली असती. माझं 'शून्य' दगडांवर हिरवं होऊन लोंबत होतं.

आणखी एक कोठार आहे, ते खुद्द दगडात. टाकीतले खडक आणि वाळू बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे, आणि त्याच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटून बसतं. पाण्यात ते वाढलं की दगड शोषून घेतो, पाण्यात घटलं की हळूहळू सोडतो. म्हणून फॉस्फेट शोषणारे लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे फिल्टरमध्ये घातले की आकडा दोन दिवसांत खाली येतो आणि आठवड्याभरात पुन्हा वर चढतो. माणूस वैतागतो. दाणे वाया गेले असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात दगड जुनी उधारी फेडत असतो. पाणी आणि दगड यांचा तोल नव्याने बसेपर्यंत कित्येक आठवडे हे चालू राहतं.

खाणारं कुणी असेल तर हीच आवक शेवाळ म्हणून साठत नाही. याचं सर्वांत मोठं उदाहरण जमैकाचं आहे. तिथे अतिमासेमारीने शेवाळ चरणारे मासे आधीच संपत आले होते, आणि सगळा भार लांब काट्यांच्या काळ्या सागरी अर्चिनवर, म्हणजे शेवाळ खाणाऱ्या एका काटेरी, गोळ्यासारख्या प्राण्यावर होता. जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर हे अर्चिन मरताना दिसले. वर्षभरात साथ सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरली आणि ९० टक्क्यांहून जास्त अर्चिन गेले. जमैकाच्या खडकांवरचं शेवाळाचं आच्छादन सुमारे ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. चरणारेच नाहीसे झाले होते.

घरच्या टाकीत टर्बो गोगलगाई आणि छोटे अर्चिन हेच काम करतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: गोगलगाय शेवाळ खाते तेव्हा स्फुरद टाकीबाहेर जात नाही, तिच्या विष्ठेतून पाण्यातच परत येतं. ते बाहेर काढायचं तर स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र), कापडी गाळणी किंवा आपला हात हवा.

हे कळलं की दुकानातल्या 'चार थेंबांत शेवाळ गायब' बाटल्यांचा मोह सुटतो. तांबूस-जांभळी बुळबुळीत चादर पसरली की काहीजण औषधाच्या दुकानातून एरिथ्रोमायसिन आणून पाण्यात टाकतात. ती चादर सायनोबॅक्टेरियाची, म्हणजे उजेडावर वाढणाऱ्या जिवाणूंची असते, त्यामुळे प्रतिजैविकाने ती मरते हे खरं. पण टाकी स्वच्छ ठेवणाऱ्या इतर जिवाणूंनाही त्याची झळ बसू शकते, आणि मेलेल्या चादरीतलं स्फुरद पुन्हा पाण्यात. उलट टोकही वाईट. फॉस्फेट, नायट्रेट अगदी खरवडून काढलं की रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव शिरतात. बुडबुडे अडकलेली तपकिरी तार दिसली की समजावं. त्यांच्यातले काही विषारी असतात आणि गोगलगाई पटापट मरतात.

आपल्याकडची एक समजूत मला मनापासून खटकते. पहाटे मासा मेलेला दिसला की 'घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं' म्हणतात, आणि वास्तूच्या दिशेला नवा मासा येतो. शेवाळाने भरलेली टाकी रात्रभर प्राणवायू वापरते, बनवत नाही. २८ अंशांच्या समुद्री पाण्यात तो भरून भरून लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आतच मावतो, आणि पहाटे पातळी सर्वांत खाली असते. मासा गुदमरून मेलेला असू शकतो. संकट घरावर नव्हतं, टाकीत होतं, आणि तिथेच बघितलं असतं तर पुढचा मासा वाचला असता.

पाण्याबद्दल थोडं. नव्या टाकीतला तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. त्यांचं कवच सिलिकाचं. आपलं दख्खनचं पठार बेसाल्टचं, त्यामुळे बोअरच्या पाण्यात विरघळलेला सिलिका भरपूर असतो. आरओ बराचसा अडवतो, उरलेल्यासाठी पुढे तो धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या दाण्यांचा टप्पा लावावा. मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅन भरून पाणी आणू नका, सांडपाण्यातला नत्र-स्फुरद त्यातून घरी येतो. आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणणं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

मी त्या रविवारनंतर दोनच गोष्टी बदलल्या. खाद्य निम्म्यावर आणलं. आणि मागच्या कप्प्यात कीटोमॉर्फा नावाचं तारेसारखं शेवाळ सोडून त्यावर रात्रीचा दिवा लावला. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी ही कल्पना फार पूर्वी यंत्रात उतरवली: शेवाळ वाढणारच असेल तर ते आपण ठरवलेल्या जागी वाढवावं आणि काढून टाकावं. दिवा रात्री, म्हणजे पहाटेचा प्राणवायूही सावरतो. पहिले तीन आठवडे दगडांवर फारसा फरक दिसला नाही, जुनी उधारी फिटत होती. आता दर रविवारी मूठभर कीटोमॉर्फा काढतो, पिळतो, तोलतो आणि वजन वहीत लिहितो. नंतर तीन पाण्यांतून धुऊन मीठ गेलं की ते गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत जातं.